दोन सेकंदांत अमेरिका

संगणकावर स्पेलिंग चुकलं की शब्दाखाली जी लाल नागमोडी रेघ उमटते, तिला सर अळी म्हणायचे. "पानाला अळी लागलीय," असं म्हणून कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचे आणि वांग्याच्या वाफ्यात शिरावं तसे मजकुरात शिरायचे. बहुतेक वेळा अळी खोटी निघायची. कलर हा शब्द त्यांनी यू घालून लिहिलेला असायचा आणि मशीनला तो बिनयूचा हवा असायचा. मशीन अमेरिकन, सर ब्रिटिश, आणि दोघं बसलेले ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली पत्रे कापायचा कारखाना होता. पत्रा कापला की आमची टेबलं थरथरायची.

आमचं काम परदेशी प्रकाशकांची पुस्तकं तपासायचं. लंडनचं पुस्तक अमेरिकेत विकायचं असेल तर त्यातले यू काढायचे, अमेरिकेचं लंडनला जाणार असेल तर घालायचे. मी याला अक्षरांची हमाली म्हणायचो. हमालाला निदान माथाडीचा कायदा आहे. आम्हाला वर्षाचं कंत्राट होतं, आणि वर्ष संपत आलं की सगळा मजला एकदम नम्र व्हायचा. मी आता कंत्राटी कामगारांच्या संघटनेत पत्रकं लिहितो. तेव्हाही लिहायचो, फक्त त्याचा पगार दुसरीकडून मिळायचा.

सर आमचे अंतिम वाचक होते. त्यांची सही झाल्याशिवाय कुठलंही पान बाहेर जात नसे. माजिवड्याच्या बाजूच्या एका जुन्या ख्रिस्ती घरातले. आजोबांची भातशेती होती, तिच्यावर आता टॉवर उभे आहेत. तो विषय काढलेला त्यांना चालत नसे. तरुणपणी फोर्टातल्या एका इंग्रजी छापखान्यात प्रूफं वाचायचे. छापखाना बंद पडल्यावर इकडे आले, निवृत्तीच्या वयानंतरही राहिले. त्यांचंही कंत्राट वर्षाचंच होतं, पण ते कधी नम्र झाल्याचं कोणाला आठवत नाही.

दर सोमवारी कंपनीचा कुठलासा प्रोग्रॅम सगळ्या मशीनची भाषा पुन्हा अमेरिकन इंग्रजी करून ठेवायचा. दर सोमवारी सर आल्या आल्या ती बदलायचे. भाषांची यादी लांबलचक. एकट्या इंग्रजीचे केवढे तरी देश. सर यादी खाली सरकवत हजेरी घेतल्यासारखी मोठ्यानं वाचायचे.

"इंग्लिश, बेलीझ. इंग्लिश, जमैका."

"हजर सर," असं समोरच्या टेबलावरून प्रणाली म्हणायची. ती टिटवाळ्याची. जमैका तिनं आपल्याकडे घेतला होता.

"इंग्लिश, झिम्बाब्वे. इंग्लिश, इंडिया." इथे ते थांबायचे. "गैरहजर."

मला हे झोंबायचं. यादीत आपल्या देशाचं नाव आहे, त्या इंग्रजीला कलरमधला यू चालतो, लाख आणि कोटीसुद्धा चालतात, मग हा माणूस मुद्दाम युनायटेड किंग्डमवर का जाऊन बसतो? मी एकदा सरळ विचारलेलं. साहेब गेला, तुम्ही त्याचा यू कशाला सांभाळताय?

"भाडेकरू घर सोडून जातो तेव्हा भिंतीत खिळे ठेवून जातो," सर म्हणाले. "तू त्या खिळ्याला कॅलेंडर अडकवतोस की नाही?"

"आणि इंडिया?"

"इंडियाचं इंग्रजी अजून ठरवतंय आपल्याला काय व्हायचंय. ठरलं की कळव."

ते मला पॅम्फ्लेट म्हणायचे. नावानं कधी हाक मारली नाही. "काय पॅम्फ्लेट, आज कोणावर अन्याय?" ही त्यांची सकाळ. एकदा मी जादा तासांच्या पैशांसाठी निवेदन तयार करून सगळ्यांच्या सह्या घेत फिरत होतो. सरांनी ते शेवटपर्यंत वाचलं, परत दिलं, सही केली नाही. म्हणाले, "प्रत्येक परिच्छेदात तीव्र निषेध आहे. एखादा सौम्य निषेध कर, लोक दचकून वाचतील." सही का नाही, तर 'समस्त कर्मचारी' असं लिहिलंय आणि समस्तांत ते येत नाहीत. त्यांनी स्वतः जादा तास कधी केलेच नव्हते. सहा वाजले की ते उठायचे, वाक्य अर्धं असलं तरी.

हे व्यक्तिचित्र आहे म्हणून माणूस गोड करून सांगायचा, हा प्रकार मला जमत नाही. सर गोड नव्हते. प्रणाली नवीन आलेली तेव्हा तिच्या पहिल्याच पानावर त्यांनी सगळ्यांसमोर शेरा मारलेला की या इंग्रजीला शिकवणीच्या क्लासचा वास येतो. ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी तपासलेल्या पानात एक सुटलेला स्वल्पविराम शोधून तिनं ते पान त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं, "सर, याला कसला वास येतो?" एवढंच विचारून. त्या दिवसापासून ते तिला यंग लेडी म्हणायला लागले, आणि अवघड पुस्तकं तिच्याकडे जायला लागली. अवघड पुस्तकांचे पैसे वेगळे मिळत नव्हते, हे मी तिला सांगितलं होतं. तिला ते माहीत होतं.

गावांच्या नावांवरून त्यांचं नेहमी चालायचं. एका पुस्तकात आपल्याकडची गावं आलेली. डोंबिवलीला अळी, टिटवाळ्याला अळी. टिटवाळ्याऐवजी मशीननं जो शब्द सुचवला होता तो प्रणाली मोठ्यानं वाचायला तयार नव्हती. ठाणे मात्र स्वच्छ.

"बघा," ती म्हणाली, "इथेही ठाणेकरांचंच वजन."

"ठाण्याचं वजन नाही," सर म्हणाले. "थेन म्हणजे स्कॉटलंडचा जुना सरदार, स्पेलिंग तेच. तो डिक्शनरीत आहे. आपलं ठाणं त्याच्या पासवर आत शिरतंय."

खोपटला एसटी डेपोच्या पुढे तेव्हा एक चायनीज भेळेची गाडी लागायची. पाटीवर चायनीजचं स्पेलिंग शेवटचा ई गाळून लिहिलेलं. मला वाटलेलं सर तिथे फिरकणार नाहीत. ते दर शुक्रवारी तिथेच उभं राहून खायचे, आणि गाडीवाल्याला स्पेलिंगबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. मी चिडवलं तर म्हणाले, त्यानं जसं ऐकलं तसं लिहिलं, ती कानाची चूक आहे आणि ती प्रामाणिक असते. चीड त्यांना मशीनची यायची. मशीन काही ऐकत नाही आणि तरी ठणकावून सांगतं, असं त्यांचं म्हणणं.

तर ते प्रार्थनेचं पुस्तक.

लंडनच्या एका प्रकाशकाचं लहान मुलांसाठी प्रार्थनांचं पुस्तक होतं, रंगीत चित्रांचं. त्याची अमेरिकन आवृत्ती करायची होती. काम प्रणालीकडे. तिनं एकेक यू बघून काढला, सरांनी वाचलं, सही केली, फाइल पाठवली, सहा वाजता दोघं गेले. साडेसहाला अमेरिकेहून मेल आला की एका पानावर कलर अजून यूसकट आहे, रात्रीच्या आत फाइल हवी. मॅनेजर घाबरला. त्याच्यावरही कोणीतरी होतं, हे मी मान्य करतो. त्यानं फाइल उघडली आणि मशीनला सांगितलं की ओ, यू, आर ही अक्षरं जिथे जिथे एकत्र दिसतील तिथे फक्त ओ, आर कर. सगळं एकदम बदलायचं बटण असतं, ते दाबलं. दाबताना मोठ्यानं म्हणालासुद्धा, "बघा, दोन सेकंदांत अमेरिका." आम्ही पाच-सहा जण जादा तास करत बसलेलो, सगळ्यांनी ऐकलं.

कलर, लेबर, ऑनर, सगळे अमेरिकन झाले. युअरसारखे जे शब्द मोडले त्यांना अळी लागली, ते त्यानं वेचून नीट केले. पण इंग्रजीत आमचा या अर्थाचा आवर हा शब्दही ओ, यू, आर असाच लिहितात. त्यातला यू गेला की ऑर उरतं. ऑर म्हणजे किंवा. आणि किंवा हा शब्द डिक्शनरीत असल्यामुळे त्याला अळी लागली नाही. प्रार्थनेचं पुस्तक, त्यात आमचा हा शब्द पानोपानी. हे आमच्या स्वर्गातील बापा, ही प्रार्थना 'किंवा बापा' अशी होऊन अमेरिकेला गेली. आमची रोजची भाकर, तिथेही किंवा. फोर म्हणजे चार, त्याचा फॉर झाला, म्हणजे साठी. शुभवर्तमान सांगणारे चार संत होते, ते 'साठी संत' झाले.

तिकडून जो मेल आला तो मी पाहिलेला नाही. मॅनेजरचा चेहरा पाहिला.

त्यानं ठरवलं की हे प्रणालीनं केलं. फाइलवर तिचं नाव होतं. तिचं कंत्राट त्याच महिनाअखेर संपत होतं. नियम असा होता की कंत्राट वाढवायचं नसेल तर कारणाचा कागद अंतिम वाचकाच्या सहीसकट अखेरच्या तारखेआधी मुख्य कार्यालयात पोचला पाहिजे. नाही पोचला तर कंत्राट आपोआप पुढे. मॅनेजरनं कागद तयार केला: निष्काळजीपणा आणि सदोष निर्णयशक्ती. अशा कामाची ऑफिसं ठाण्यात मोजकीच, आणि सगळी एकमेकांना विचारतात. निष्काळजी हा शिक्का बसला की प्रणालीला या धंद्यात दुसरं दार नव्हतं. वडील घरी बसलेले, घर तिच्यावर चालायचं.

बटण कोणी दाबलं हे सगळ्या मजल्याला माहीत होतं. एक माणूस बोलला नाही. मी बोललो, तर मॅनेजर म्हणाला की तू प्रत्येकच गोष्टीत बोलतोस. आणि हे खरं होतं, त्यामुळे माझ्या बोलण्याची किंमत आधीच संपलेली. मी म्हटलं गेटवर सभा घेऊ, पत्रक काढू. प्रणालीनं हात जोडले. पत्रकात नाव आलं तर टिटवाळ्यापर्यंत पोचेल, म्हणाली.

कागद सरांकडे गेला. त्यांनी चष्मा खाली घेतला, वाचला, आणि परत केला. सही नाही.

"काय झालं?" मॅनेजरनं विचारलं.

"वरच्या ओळीत लेबर यू घालून आहे, खालच्या ओळीत कलर यू न घालता. हा कागद कुठल्या देशाचा ते आधी ठरवा, मग सही मागा."

मजल्यावर हशा पिकला. मॅनेजर पण हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं पूर्ण अमेरिकन कागद आणला. सर म्हणाले, कंपनी ठाण्यात नोंदलेली, कागद ठाण्यात निघाला, ज्या मुलीवर निघाला ती टिटवाळ्याची, मग यात अमेरिका कुठून आली? तिसरा कागद पूर्ण ब्रिटिश झाला. त्यात जजमेंट हा शब्द मध्ये ई घालून लिहिलेला. सरांनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. माणसाच्या साध्या निर्णयाला ई चालतो, म्हणाले, पण हा शिक्षेचा कागद आहे. कायद्याच्या कामात इंग्रजसुद्धा तो ई घालत नाहीत.

आता कोणी हसत नव्हतं. मला त्यांचा संताप यायला लागला. एका मुलीचं पोट अडकलंय आणि हा माणूस एका ई वरून खेळतोय असं वाटायचं. खेळतोय की वेळ काढतोय हेही कळायला मार्ग नव्हता, कारण हे सगळं ते एरवीही याच चेहऱ्यानं करायचे. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना गाठलं आणि म्हटलं, सर, तुम्ही तिच्या बाजूचे आहात की नाही ते एकदा स्पष्ट सांगा. ते डब्यातला मासा काट्यातून सोडवत होते. म्हणाले, "मी स्पेलिंगच्या बाजूचा आहे."

प्रणालीची झोप उडालेली. ती शेवटी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"सर, करून टाका सही. रोज नवीन कागद बघवत नाही. काय ते एकदाचं होऊ दे."

"यंग लेडी, तुझ्या टेबलावर काम पडलंय," ते म्हणाले. ती गेली. जाताना पाठ ताठ ठेवलेली मी पाहिली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी मॅनेजर चौथा कागद घेऊन आला. त्यानं तो कोणाकडून तरी तपासून घेतलेला. आता त्याच्यात खोड राहिली नव्हती. यू जिथे हवा तिथे, ई जिथे नको तिथे नाही, एस आणि झेड आपापल्या जागी. मॅनेजर टेबलाशीच उभा राहिला. कुरियरवाला दारात थांबलेला. खाली पत्रे कापायचं थांबलं होतं, जेवणाची सुट्टी असावी, त्यामुळे मजला नको इतका शांत झालेला.

सरांनी कागद वाचला. ओळीखाली पेनचं टोपण सरकवत, प्रूफ वाचतात तसा. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि माझी खात्री झाली की आता हा सही करणार, कारण याच्या हातात दुसरं काही उरलेलं नाही.

"स्पेलिंग बरोबर हाय," सर म्हणाले.

ऑफिसात ते एक तर इंग्रजी बोलायचे, नाहीतर पुस्तकात छापतात तसली मराठी. ही त्यांच्या घरची, गावातली बोली होती. ती आम्ही त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली.

मॅनेजरनं पेन पुढे केलं.

"वाक्य खोटं हाय," सर म्हणाले, आणि कागद त्याच्या हातात परत दिला.

मॅनेजर म्हणाला, सर, तुमचंही कंत्राट आहे, विचार करा. आवाज चढवला नाही त्यानं, जवळजवळ विनंतीच केली. सरांनी पुढचं पान ओढलं आणि वाचायला घेतलं. कुरियरवाल्यानं थोडा वेळ वाट बघितली आणि तो गेला.

पहिल्या तारखेला प्रणालीचं कंत्राट पुढे गेलं. त्यात विजय वगैरे काही नव्हता, नियमच तसा होता. त्यानंतर कंपनीनं नियम बदलला. कागदावरची सहीची जागा गेली, तिथे एक चौकोन आला, त्यात मशीन स्वतःच बरोबरची खूण करतं. मग अंतिम वाचकाची गरज काय, असा प्रश्न कोणीतरी वरून विचारला. सरांचं कंत्राट संपलं तेव्हा त्यांच्यासाठी कारणाचा कागद काढावा लागला नाही.

मी त्यांच्याकडे गेलेलो. म्हटलं, कामगार आयुक्तांकडे तक्रार करू, बटण कोणी दाबलं ते ऐकणारे आम्ही आहोत, तुम्ही फक्त जे झालं ते सांगा. ते म्हणाले, मी सहा वाजता गेलो होतो, मी काही ऐकलेलं नाही. मी म्हटलं, मग तुम्ही वाक्य खोटं आहे असं कशाच्या जोरावर म्हणालात? त्यांनी माझ्याकडे मठ्ठ मुलाकडे बघावं तसं बघितलं. त्यांनी तिची पानं तीन वर्षं वाचली होती, एवढंच म्हणाले. आणखी काय लागतं ते त्यांना कळत नव्हतं. तक्रार मी एकट्यानं केली. ती अजून पडून आहे. कंपनीचं नाव मी तिथे दिलंय, इथे देत नाही, कारण अशा कंपन्या एक नाहीत.

त्यांच्या ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी प्रणाली त्यांना म्हणाली की सर, तुमचं माझ्यामुळे गेलं. मी तिथेच होतो, मला वाटलं आता तरी हा माणूस दोन बरे शब्द बोलेल. त्यांनी ड्रॉवर रिकामा करता करता तिला झापलं. म्हणाले, फाइल हातातून सोडण्याआधी तू ती नुसती डोळ्यानं बघतेस, मोठ्यानं वाचत नाहीस. त्या रात्री ज्या कोणी ती पाठवली त्याचाही डोळा किंवा बघून, आमचा समजून पुढे गेला. तोंडानं वाचलं असतं तर कोणाचीही पाठवायची हिंमत झाली नसती. "उद्यापासून तुझ्यानंतर वाचणारा कोणी नाही. तेव्हा मोठ्यानं वाच."

मॅनेजर तोच आहे. मी नोकरी सोडली, पण संघटनेच्या कामानं अधूनमधून त्या मजल्यावर जातो. गेल्या खेपेला गेलो तेव्हा प्रणाली पडद्यावरचं एक सबंध पान मोठ्यानं वाचत होती, स्वल्पविरामाशी थांबत. बाकीच्यांना त्रास होतो म्हणून मॅनेजरनं तिला मनात वाचायला सांगितलंय, दोनदा लेखी सांगितलंय. तिचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतं. मी गेलो तेव्हा तिनं हात वर करून मला थांबवलं आणि वाक्य पुरं केलं.